गोधड्यांच्या पैशातली २३ एकर

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीत, अलाबामा नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं जीज बेंड हे गाव आहे. इथल्या काळ्या कुटुंबांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. मळेमालकाचं पेटवे हे आडनाव अजून घरोघरी आढळतं. या गावच्या बायकांच्या गोधड्या आज मोठ्या संग्रहालयांत आहेत, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली. त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे गोधडीच्या पैशाने या भागात मत देण्याची हिंमत टिकवली.

१९६५च्या सुरुवातीला काउंटीत काळ्यांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पट होती, आणि मतदारयादीत त्यांचं एकही नाव नव्हतं. नोंदणीसाठी नदीपलीकडच्या कॅमडेनला जावं लागे. लोक तिकडे जाऊ लागताच १९६२मध्ये फेरीबोट बंद पडली. मग नदीपार जायला तासाभराहून जास्त वळसा. (ती बोट पुन्हा सुरू झाली २००६ साली. चव्वेचाळीस वर्षांनी!) तरीही माणसं गेली. त्याची शिक्षा तात्काळ झाली: मालकाची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबांना नाव नोंदवलं म्हणून घराबाहेर काढण्यात आलं. जीज बेंडमध्ये निदान बऱ्याच जणांच्या नावावर जमीन होती, कारण मंदीच्या काळात सरकारने मळा विकत घेऊन पुढे तिथल्याच कुटुंबांना विकला होता. आसपासच्या वस्त्यांना तो आधार नव्हता.

फ्रान्सिस वॉल्टर हे एपिस्कोपल पंथाचे पाद्री डिसेंबर १९६५मध्ये याच भागात फिरत होते. एका घरासमोर दोरीवर टाकलेल्या गोधड्या त्यांना दिसल्या. चौकशी करायला ते पुढे गेले, तर गोरा माणूस येतोय हे पाहून घरची बाई रानात पळाली. त्या काळाबद्दल याहून जास्त काय सांगायचं? पुढे त्यांनी बायकांकडून गोधड्या विकत घेऊन न्यूयॉर्कला लिलावात काढल्या, आणि मार्च १९६६मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. एस्टेल विदरस्पून यांनी तिचा कारभार वर्षानुवर्षं सांभाळला.

या बायकांना गोधडी नवी नव्हती. फटीतून वारा येणाऱ्या लाकडी घरांत ती लागायचीच. शेतात घालायच्या पँटी विरल्या की त्यांचे धड राहिलेले तुकडे जोडायचे, मध्ये कापूस भरायचा, खाली पिठाच्या नाहीतर खताच्या गोणीचं कापड लावायचं आणि चौकटीवर ताणून चौघींनी मिळून टाके घालायचे. अशा गोधडीकडे नीट पाहिलं तर फिकट निळ्यात मध्येच एक गडद चौकोन दिसतो. तिथे खिसा होता, म्हणून तेवढ्या कापडाला ऊन लागलं नाही. १९४२ साली मिसूरी पेटवे यांनी नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. ती पांघरून त्याची आठवण जवळ ठेवायची, एवढाच तिचा हेतू होता.

संस्थेचं काम वेगळं होतं. ब्लूमिंगडेल्ससारख्या दुकानांना एकाच नमुन्याचा, एकसारख्या टाक्यांचा माल हवा असे. १९७२पासून सिअर्ससाठी कॉर्डरॉयचे उशीचे अभ्रे शिवायला घेतले, तेही ढिगाने. हाताला येईल तसा तुकडा लावणाऱ्या बायकांना हे जाचक वाटलं असणार. काहींनी ते काम धरलंच नाही. पण त्यात ठरलेली मजुरी होती, आणि ती कोणा जमीनदाराच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्या घरी गेल्या, आणि त्यांतून जीज बेंडच्या काही देखण्या गोधड्या झाल्या.

पैसा आला तो कुठे गेला, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. संस्थेने २३ एकर जमीन घेतली. तिच्यावर १९६९मध्ये शिवणकामाची इमारत बांधली, तिला मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव दिलं. कामावरच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं. आणि त्याच जमिनीतले काही तुकडे, मतनोंदणीपायी बेघर झालेल्या कुटुंबांना घरं बांधायला विकले. आता त्यांना उठवायला कोणी मालक नव्हता.

२००२मध्ये ह्यूस्टन आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. ती दाद हक्काचीच होती. पण त्या प्रकाशात मनासारखी शिवलेली गोधडी तेवढी कला ठरली आणि मागणीप्रमाणे शिवलेला माल नुसती मजुरी. मला हा भेद मान्य नाही. सिअर्सच्या एकसारख्या अभ्र्यांत प्रतिभा दिसत नसेल, पण मिळकत होती आणि ती वाटून घेण्याची रीत होती. संस्था २०१२मध्ये बंद झाली. तिच्यावर पुढे कोणी प्रदर्शन भरवलं, तर एक कॉर्डरॉयचा अभ्रा आणि त्या जमिनीचं खरेदीखत शेजारी शेजारी मांडावं.