चौथं कलम
(सुरांचे कारागीर : भाग ६)

गेल्या आठवड्यात जोसेफ हायडनला आपण व्हिएन्नातल्या एका पोटमाळ्यावर सोडलं होतं. गाड्यांची चाकं घडवणाऱ्याचा हा मुलगा, आवाज फुटल्यावर चर्चच्या गायकवृंदातून बाहेर पडलेला, शिकवण्या करून कसंबसं पोट भरणारा. पुढची वर्षं भराभर ओलांडू. एका काउंटच्या पदरी नोकरी लागली, काउंटचे पैसे संपले, नोकरीही संपली. मधल्या काळात लग्न झालं, ते सुखाचं नव्हतं. आपल्याला गाठायची आहे १ मे १७६१ ही तारीख. त्या दिवशी एकोणतीस वर्षांच्या हायडननं एस्टरहाझी या हंगेरीतल्या गडगंज घराण्याच्या करारावर सही केली.

करार वाचण्यासारखा आहे. पगार वर्षाला ४०० गुल्डन. हुजुरांपुढे वाजवताना पांढरे मोजे, पांढरे कपडे, केसांना पावडर, मागे वेणी नाहीतर टोप. हाताखालच्या वादकांशी खाण्यापिण्यात, बोलण्यात फाजील सलगी नको. वाद्यांची देखभाल आणि वादकांच्या भांडणांचा निवाडा त्याच्याकडेच. शिवाय रोज दुपारच्या आधी आणि नंतर दालनाबाहेर हजर राहायचं आणि आज संगीताचा हुकूम आहे का, ते विचारायचं. आपल्याकडच्या संस्थानी गवयांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटलं असतं.

खरी मेख चौथ्या कलमात होती. हुजूर सांगतील ते संगीत रचायचं, ते कुणाला दाखवायचं नाही, त्याची नक्कल होऊ द्यायची नाही आणि परवानगीवाचून दुसऱ्या कुणासाठी काही लिहायचं नाही. म्हणजे चीज हायडनची, मालकी हुजुरांची.

वर्षभरात जुने हुजूर वारले आणि धाकटे बंधू निकोलाउस गादीवर आले. ते स्वतः बॅरिटन वाजवत. वर गजानं वाजवायच्या तारा आणि मानेमागे सारंगीच्या तरफांसारख्या धातूच्या तारा, त्याही अंगठ्यानं छेडता येणाऱ्या, असं हे वाद्य. आज ते बहुतेक संग्रहालयातच पाहायला मिळतं. पण धन्याला आवडतं म्हटल्यावर हायडननं त्यासाठी सव्वाशेच्या आसपास त्रिकुटं लिहिली. एवढी मेहनत एका माणसाच्या हौसेपायी! तरी १७६५ मध्ये बॅरिटनसाठी जास्त लिहा, अशी लेखी तंबी मिळालीच.

याच निकोलाउसनी दलदलीच्या भागात एस्टरहाझा नावाचा टोलेजंग वाडा बांधला. दरबार उन्हाळ्यात तिथे जायचा आणि मुक्काम लांबतच जायचा. बहुतेक वादकांना बायकामुलं सोबत आणायची मनाई होती. १७७२ साली शरद ऋतू आला तरी परतायचं नाव निघेना, तेव्हा वादक हायडनकडे गेले. त्यानं जे केलं ती ४५वी सिंफनी. तिला 'फेअरवेल', म्हणजे निरोपाची सिंफनी म्हणतात.

तिचा आधारस्वर आपल्या पेटीवरच्या काळी तीनचा. त्या काळच्या सिंफनीत हा स्वर इतका अनोळखी होता, की हॉर्नसाठी नळीचे खास तुकडे बनवून घ्यावे लागले. तेव्हाच्या हॉर्नला चाव्या नसत. पट्टी बदलायची तर नळीची लांबीच बदलायची. शेवटचा भाग धडाक्यात सुरू होतो, मध्येच थबकतो आणि संथ होतो. मग एकेक वादक आपला तुकडा संपवतो, मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. अखेरीस दोनच व्हायोलिन उरतात, तीही आवाज दाबलेली. हुजुरांना इशारा कळला आणि दरबारानं लगेच मुक्काम हलवला, असं हायडनच्या पहिल्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय.

या गोष्टीला बंड म्हणायची पद्धत आहे. मला विचाराल तर हा रजेचा अर्ज आहे. फार देखणा, पण अर्जच. पांढरे मोजे पायात ठेवूनच केलेला. नोकरीची चौकट त्यानं कुठेच हलवलेली नाही.

चौकट हलली ती १७७९ मध्ये, आणि तिचा आवाज कुणी ऐकला नाही. त्या वर्षी नवा करार झाला आणि त्यात चौथ्या कलमातली ती बंदी नव्हतीच. तसंही ते कुलूप नावालाच उरलं होतं. १७६४ मध्येच पॅरिसला हायडनच्या रचना छापल्या गेल्या होत्या आणि नकलनवीसांच्या हातून हस्तलिखितं युरोपभर फिरत होती. नाव त्याचं आणि पैसा छापणाऱ्याचा! आता तो व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकाशी उघड व्यवहार करू लागला. मागोमाग पॅरिसच्या एका संगीतसंस्थेनं सहा सिंफन्या मागितल्या. (व्यवहारात हायडन काही भोळा नव्हता. एकच रचना दोन देशांतल्या प्रकाशकांना विकल्याच्या तक्रारी पुढे झाल्या. इतकी वर्षं एक पैही न मिळालेल्या माणसाचा मला त्याबद्दल राग येत नाही.)

वाड्याबाहेर कीर्ती वाढत होती, आणि हा अजून वाड्यातच. जगापासून दूर, त्रास द्यायला कुणी नाही, म्हणून वेगळं काही करून पाहता आलं, अशा अर्थाचं तो म्हातारपणी बोलला. ते खरंच आहे. पण त्या काळातल्या पत्रांत एकटेपणाही पानोपानी आहे.

सप्टेंबर १७९० मध्ये निकोलाउस वारले. वारसाला संगीताची आवड नव्हती. त्यानं वाद्यवृंद मोडला. हायडनला पेन्शन मिळालं, हुद्दा कायम राहिला, काम मात्र उरलं नाही. इतक्यात लंडनहून सालोमोन नावाचा व्हायोलिनवादक आणि जलशांचा कंत्राटदार दारात उभा राहिला: मी तुम्हाला न्यायला आलोय.

१७९१ च्या पहिल्या दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून बोट सुटली. अठ्ठावन्न वर्षांच्या हायडननं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. पूर्ण प्रवासभर तो डेकवर उभा राहिला.

(पुढील भागात : लंडन)