नागोयाहून कवठे महांकाळच्या वरातीत

लग्नसराईत कवठे महांकाळच्या पेठेतून वरात निघाली की वाजंत्र्यांच्या गाडीवरून एक आवाज सगळ्यांच्या वर चढतो. धातूचा, धारदार, कडेला जरासा फाटलेला. तो बेंजोचा. मिरवणूक अजून वळणाआड असते, तरी गाणं कुठलं हे लहान पोरांनाही कळलेलं असतं. हा आवाज आला कुठून, याचा माग काढत गेलं की आपण थेट जपानात पोचतो.

नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी एक वाद्य तयार केलं. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. त्याच वर्षी जपानात तैशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो. स्वस्त, हलकं आणि शिकायला सोपं असल्यामुळे ते दूरवर गेलं. मोंबासाच्या तारब संगीतात शिरलं, बलुचिस्तानात 'बेंजू' झालं, आपल्याकडे बुलबुल तरंग झालं आणि महाराष्ट्राच्या रस्त्यावर येऊन बेंजो झालं. अमेरिकेतल्या गोल, कातडी मढवलेल्या बँजोशी याचं नावापलीकडे काही नातं नाही. रवी जाधवांचा २०१६ चा 'बँजो' हा सिनेमा आला तो याच आपल्या वाद्यावर.

वादकाच्या हाताशी उभं राहून एकदा पाहावं. डावा हात बटणांवर. बटण दाबलं की त्याच्या खालची धातूची कड तारेवर बसते आणि वाजणारी तार तेवढी आखूड होते. आखूड तार म्हणजे चढा सूर. उजव्या हातातली पट्टी तारेवर इतकी भरभर मागेपुढे फिरते की वेगवेगळे आघात एकमेकांना चिकटून सलग सूर तयार होतो. सूर बटणागणिक पायऱ्यांनी चढतो, सतारीसारखी मींड इथे सहज निघत नाही. पण मुरलेला वादक दाबलेलं बटण आणखी किंचित दाबतो. तार ताणली जाते, सूर केसभर वर सरकतो, आणि तेवढ्या हेलकाव्यात गाणं गळ्यातून आल्यासारखं वाटतं. बेंजोला हलकं वाद्य म्हणणाऱ्यांनी ही बोटं जवळून पाहिलेली नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

कवठे महांकाळच्याच सांगली जिल्ह्यात मिरज आहे, सतार-तंबोऱ्यांचं गाव. तिथल्या वाद्यांसाठी लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, म्हणजे मिरज-पंढरपूर वाटेवरच्या कवठे महांकाळच्या अंगावरूनच. भोपळ्याच्या पोकळीत तारेचा नाद घुमतो, भरतो, मैफलीला पुरतो. बेंजोची पेटी मात्र एवढीशी. हलगी आणि ताशापुढे ती एकटी टिकायची नाही. म्हणून इथे भोपळ्याचं काम वीज करते.

आणि विजेने बेंजोचा नुसता आवाज वाढवला नाही, त्याचा स्वभाव बदलला. पोलादी तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असलं, तर तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते. ती ॲम्प्लिफायरला दिली, आणि त्याच्या कुवतीपेक्षा जास्त दिली, तर लहरींचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ सुरात नव्हते ते वरचे सूर जन्मतात. आवाज फाटतो तो यामुळे. फाटतो तसा लांबतोही, कारण विरत चाललेला तारेचा नाद ॲम्प्लिफायर बराच वेळ त्याच ताकदीने बाहेर फेकत राहतो. पुढे कर्णा. त्याचं तोंड लहान असल्याने खर्जाचे सूर त्यातून नीट निघत नाहीत. उरतात मधले आणि वरचे. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि कर्ण्यातून आलेला बेंजो नेमका तिथे टोचतो.

मला सगळ्यात जास्त थक्क करतो तो इको. सभागृहात सूर भिंतींवर आदळून परत येतो, म्हणून तो भरलेला वाटतो. उघड्या रस्त्यावर गेलेला सूर फारसा परतत नाही. इकोचं यंत्र सूर क्षणभर धरून ठेवतं आणि पुन्हा सोडतं, मग आणखी एकदा, प्रत्येक वेळी थोडा मंद. रस्त्याला नसलेल्या भिंती हे यंत्र उभ्या करतं, आणि चालत्या गाडीबरोबर त्या भिंतीही गावभर फिरतात.

असाच फाटलेला आवाज आणि असाच इको ऐकायला आता न्यूयॉर्कला जाऊ. तिथे १९७७ साली 'सुइसाइड' या दोघांच्या बँडचा पहिला अल्बम निघाला. ॲलन वेगा गाणारे, मार्टिन रेव्ह कीबोर्डवर. गिटार नाही, ड्रमवादकही नाही. ताल धरायला यंत्र. स्वस्त साहित्य, फाटलेला आवाज आणि त्यावर भरपूर इको. पुढे ज्याला इलेक्ट्रो-पंक म्हटलं गेलं, त्याच्या मुळाशी हा अल्बम मानतात. त्या दोघांनी बेंजो ऐकला असेल असं मी म्हणत नाही. पण हातात आहे ते यंत्र त्याच्या मर्यादेपलीकडे ताणायचं, संगीतशाळेची परवानगी मागायची नाही आणि समोरच्याला जागचं हलवायचं, ही रीत दोन्हीकडे एकच दिसते. आपल्याकडे तर समोरचा नुसता ऐकत नाही, नाचतो. वादकाची नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. पाय मंदावले की गाणं बदलतं, ढोलवाला इशारा उचलतो आणि इलेक्ट्रॉनिक पॅडवाला नवा ठेका टाकतो.

एक फरक मात्र मला खुपतो. न्यूयॉर्कच्या दोघांचा अल्बम राहिला; बेंजो पार्ट्यांचं, म्हणजे वरातीतल्या या वाजंत्र्यांच्या गटांचं, वाजवणं बहुतेक मोबाइलच्या व्हिडिओत अडकतं. मोबाइल मोठा आवाज आला की ध्वनिमुद्रणाची पातळी आपोआप खाली ओढतो. ढोलाचा ठोका पडला की बेंजो दबतो, ठोका सरला की उसळतो, आणि वादकाने मोजूनमापून केलेला चढउतार नाहीसा होतो.

एखाद्या नव्या दमाच्या पार्टीने पहिला अल्बम काढायचं ठरवलं, तर तो बंद स्टुडिओत करू नये. एक वायर थेट बेंजोच्या पिकअपवरून घ्यावी, म्हणजे बोटांचं काम स्वच्छ येईल. एक माइक कर्ण्यासमोर थोडा लांब ठेवावा, फाटलेला आवाज जसाच्या तसा धरायला. तिसरा माइक नाचणाऱ्यांमध्ये. मग तिन्हींचं मिश्रण करावं. मुद्रण खऱ्या वरातीत, गाडी चालू असतानाच करावं. फक्त २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला कर्णे बंद होतात, तेव्हा वरात जरा लवकर काढायला नवरदेवाच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हवं.