पार्श्वसंगीताची स्पर्धा आणि हौशी संगीतकार

२०२० साली, जगभर टाळेबंदी असताना, ब्रिटनमधील स्पिटफायर ऑडिओ या कंपनीने 'वेस्टवर्ल्ड' या अमेरिकी मालिकेतील मोटारींच्या पाठलागाचा एक प्रसंग संगीताविना खुला केला आणि त्याला पार्श्वसंगीत देण्याचे आवाहन केले. अकरा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. भव्य वाद्यवृंद आणि ढोलांचा गडगडाट अनेकांनी योजला होता. परीक्षकांनी निवडलेल्या रचनेत मात्र जुन्या व्हिडिओ गेमसारखे टुणटुणते ध्वनी होते. निकालावर समाजमाध्यमांत मोठे वादळ उठले. तो पटो वा न पटो, एक गोष्ट त्यातून उघड झाली. परीक्षक तोच प्रसंग पुनःपुन्हा पाहत असतात. निर्दोष परंतु चारचौघांसारखी रचना त्यांच्या कानांवरून निसटून जाते.

नोकरी सांभाळून रात्री पेटीवर बसणाऱ्याने म्हणूनच आधी आपली स्पर्धा निवडावी. झुरिक चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत लघुपटासाठी पूर्ण वाद्यवृंदाचे संगीत लिहावे लागते आणि अंतिम फेरीतील रचना टोनहाले वाद्यवृंद रंगमंचावर वाजवतो. पाश्चात्त्य स्वरलेखन ज्याला येत नाही, त्याचा तेथे निभाव लागणे कठीण. ज्या स्पर्धांत संगणकावर सिद्ध केलेले ध्वनिमुद्रण चालते, त्या नवोदितास अधिक सोयीच्या.

प्रसंग हाती आल्यावर लगेच वाद्याकडे धावू नये. तो आधी आवाज बंद करून, मग आवाजासह, आणि नंतर हाती घड्याळ घेऊन पाहावा. दार कोठे उघडते, नजर कोठे वळते, त्या क्षणांची सेकंदांनिशी नोंद करावी. खरे काम येथेच आहे. समजा, संगीत सुरू झाल्यापासून ४१ व्या सेकंदाला दार उघडते. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली, तर तो क्षण ६१ आणि ६२ मात्रांच्या बरोबर मधोमध, म्हणजे अधांतरी पडतो. लय ८८ वर आणली, की ६० मात्रा ४०.९ सेकंदांत पूर्ण होतात आणि चार-चारच्या हिशेबात नव्या गटाची पहिली मात्रा दारापाशी येते. फरक उरतो तो सुमारे दोन चौकटींचा. (चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात.) तीनतालाचा विचार करणाऱ्याला हा हिशेब परका वाटू नये: चार आवर्तनांच्या ६४ मात्रा ४१ सेकंदांत बसवायच्या, तर लय ९३.७ च्या आसपास ठेवावी लागते, आणि सम नेमकी दारावर येते. भजनी मंडळात वाढलेल्या तबलजीला तिहाई समेवर आणण्याची सवय असतेच. येथे सम गायकाऐवजी पडदा ठरवतो, एवढेच. मात्र प्रत्येक हालचालीवर आघात देत सुटल्यास प्रसंगाचा विनोदी चित्रपट होतो. एखाददुसरा क्षण निवडावा आणि बाकीचे वाहू द्यावेत.

संवाद चालू असताना मानवी आवाजाच्या पट्टीत फिरणारी सारंगी वा व्हायोलिन शब्दांशी भांडते. तेथे एखादा खर्जातील स्वर पुरतो, कधी शांतताच पुरते. हौशी रचनाकाराला शांततेची भीती वाटते आणि हाती वेळ कमी असेल, तर ती आणखी वाढते. वास्तविक, १९५५ च्या 'पथेर पांचाली'चे बहुतेक संगीत रविशंकर यांनी एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित केले होते, मोजक्या वाद्यांवर. त्यातील सतार आणि बासरी आजही लक्षात राहतात. संगणकातील कृत्रिम ऐंशी व्हायोलिनांपेक्षा घरी नीट ध्वनिमुद्रित केलेली एक खरी बासरी परीक्षकाला थांबवू शकते.

तांत्रिक बाबी थोड्या, पण निर्दय असतात. चित्रपटाच्या ध्वनीसाठी सहसा ४८ किलोहर्ट्झचा दर वापरतात, सीडीचा ४४.१ नव्हे. संगीत चित्राच्या नेमक्या पहिल्या चौकटीपासून जुळवून पाठवावे. धारिकेचे नाव, कमाल आकार, मुदत कोणत्या देशाच्या घड्याळानुसार संपते, हे नियम आधीच वाचावेत.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते हक्कांचे कलम. स्वरलिपी लिहिणारे आणि वाद्यमेळ रचणारे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारखे गोमंतकीय हिंदी चित्रपटसंगीताचा कणा होते, पण त्यांच्या पिढीतील कित्येकांची नावे पडद्यावर आलीच नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय प्रताधिकार कायद्याने, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज होणाऱ्या वापराच्या स्वामित्वधनात संगीतकाराचा समान वाटा राखला आहे; वारस किंवा प्रताधिकार संस्था यांवाचून इतर कोणाला तो देऊन टाकता येत नाही. परदेशी स्पर्धेचे नियम मात्र बहुधा त्या देशाच्या कायद्यावर बेतलेले असतात. प्रवेशिका पाठवताच रचनेची मालकी आयोजकांकडे जाते, की त्यांना केवळ प्रसिद्धीपुरता परवाना मिळतो, हे पाहावे. पहिले असेल, तर जपून ठेवलेली चाल तेथे पाठवू नये. दुसरे असेल, तर स्पर्धा हरल्यावरही ती रचना, त्यांचे चित्र वगळून, दुसऱ्या लघुपटासाठी वापरता येते.