गाडीने आळंदी, पायी पंढरी

आषाढ जवळ येऊ लागला की आमच्या वऱ्हाडात पंढरपूरला जाणाऱ्यांच्या दोन तऱ्हा दिसू लागतात. एक पायी निघणारे आणि दुसरे गाडीने जाणारे. पायी जाणारे फार आधी घर सोडतात. अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. ते रुक्मिणीचे माहेर. तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते आणि ही परंपरा १५९४ सालापासूनची सांगतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते. पांढऱ्या वेषातले शेकडो वारकरी पताका घेऊन अकोल्यावरून मराठवाड्यात उतरतात आणि परभणी, परळी, अंबाजोगाई करीत पुढे जातात. या दोन्ही पालख्यांना पंढरपूर गाठायला महिन्याहून अधिक दिवस लागतात. गाडीने जाणाऱ्यांना एवढी घाई नसते. नागपूर, नवी अमरावती, खामगाव येथून आषाढीसाठी खास गाड्या सुटतात. शिदोरी बांधावी, खिडकीशी जागा धरावी, आणि एक रात्र उलटली की पंढरपूर!

माझी आई या दुसऱ्या पक्षातली. बारशी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरची ती छोटी गाडी तिला चांगली आठवत असे. मनमाड, दौंड करीत कुर्डुवाडीला यायचे, तिथे बोचकी उतरवायची आणि त्या खेळण्यासारख्या गाडीत बसून पंढरपूरला पोचायचे. पुढे तो मार्ग रुंद झाला, थेट गाड्या आल्या, पण आईची वारी चुकली नाही. परत आली की बुक्का, कुंकू आणि बत्तासे आमच्या हातावर ठेवी आणि दर वर्षी एकच वाक्य म्हणे, “झाली मा, अर्धी वारी झाली.” उरलेली अर्धी म्हणजे पायी चालण्याची. तेवढे दिवस तिला कधी मिळाले नाहीत. आधी सासूबाईंचे पथ्यपाणी, मग आमच्या परीक्षा, मग नातवंडे. दोन दिवसांची रजा घर देई. अठरा दिवसांची द्यायला ते कधीच तयार नसे. दोन वर्षांपूर्वी ती गेली. ते “अर्धी वारी” मात्र माझ्या कानात राहिले.

म्हणून २०२५ च्या आषाढवारीला मी आळंदीहून पायी जायचे ठरवले. कौंडण्यपूरहून महिनाभर चालण्याइतकी रजा कॉलेजात मिळण्यासारखी नव्हती. आळंदीचे अठरा दिवस जमण्यासारखे होते. घरात बातमी सांगितली. “का जातेस?” असे कोणीच विचारले नाही. सर्वांचा प्रश्न एकच, “सोबत कोण आहे?” प्राध्यापक-कक्षात तोच, शेजारच्या वहिनींचाही तोच. पंचेचाळिशीतली बाई, वीस वर्षे मुलांना संतवाङ्मय शिकवणारी. पण एकटीने पुण्याच्या गाडीत बसायचे म्हटले की चारचौघांना ते विद्यापीठाच्या परीक्षेहून अवघड वाटते! यजमानांनी मात्र शांतपणे विचारले, “कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या, तेवढे लिहून ठेव.” मी लिहून ठेवले आणि निघाले.

अमरावतीकराचा लांबचा प्रवास बहुधा बडनेऱ्याच्या फलाटावर सुरू होतो. रात्रीची गाडी होती. सामान म्हणजे एक पाठपिशवी, एक पातळ सतरंजी, घोंगडीवजा चादर आणि छत्री. अकोल्याजवळच्या एका दिंडीत नाव नोंदवून भिशी भरली होती. वारीच्या भाषेत भिशी म्हणजे जेवणाखाण्याची आणि पालाची वर्गणी. दिंडी आळंदीत भेटणार होती. तोवरचे सातशे किलोमीटर माझे एकटीचे.

समोरच्या बाकावर दर्यापूरकडचे एक शेतकरी जोडपे होते, खारपाणपट्ट्यातले. विहिरीला पाणी लागले तरी ते खारट, म्हणजे सगळी भिस्त आभाळावर. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ न्याहाळून पाहिले आणि विचारले, “एकल्याच जाऊन राह्यल्या काय बाई?” मी हो म्हटले. त्यांनी सोबतीचे काही विचारले नाही. पिशवीतून ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा काढला, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “आता कायच्या एकल्या?” यजमान खिडकीतून बाहेर पाहत होते. पेरणी झाली का, असे मी विचारले, तर म्हणाले, “पेरून टाकलं. आता पाडनारा पाडीन.” बियाण्याचे पैसे मातीत घालून, पावसाचा भरवसा दुसऱ्यावर सोपवून तो माणूस निघाला होता. त्यापुढे माझी रजा, माझा कुकर, सारे फारच किरकोळ वाटू लागले.

अकोला गेले, शेगाव आले. फलाटावरूनच काहींनी हात जोडले. पुढे मलकापूर आणि भुसावळ यांच्या दरम्यान उत्तरेच्या अंगाला मुक्ताईनगर राहते. तिथून संत मुक्ताबाईंची पालखी निघते, तीही महिनाभर चालणारी. या साऱ्या पालख्या केव्हाच पुढे गेल्या होत्या. ज्या वाटा तुडवायला त्यांना आठवडे लागतात, त्या आमची गाडी झोपेत ओलांडत होती. मला झोप आली नाही. मनात एकच विचार. शेगावकर दारापासून चालतात, आणि आपण गाडीने आळंदीला जाऊन मग चालणार! आईची वारी अर्धी होती, तर आपली पाऊण म्हणायची काय?

हा पेच आपल्याकडेच आहे असे नाही. युरोपात सांतियागोची पदयात्रा प्रसिद्ध आहे. मध्ययुगात तिकडचा यात्रेकरू आपल्याच उंबऱ्यापासून चालू लागे आणि पोचल्यावर तसाच पायी परत येई. आता बरेच यात्रेकरू आगगाडीने दक्षिण फ्रान्समधल्या बायोनला जातात, तिथून छोट्या गाडीने पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या सें-जाँ-प्ये-द-पोर या गावी उतरतात आणि तिथून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत जवळजवळ आठशे किलोमीटर चालतात. वाटेत मुक्कामोमुक्कामी एका पुस्तिकेवर शिक्के घ्यायचे असतात, आणि निदान शेवटचे शंभर किलोमीटर पायी केले तरच प्रमाणपत्र मिळते. आमच्या वारीत शिक्का नाही, पुस्तिका नाही, प्रमाणपत्रही नाही. त्यामुळे कोणाची पुरी आणि कोणाची अर्धी, हे ठरवणारी कचेरीही नाही!

आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. पंढरपूरला रेल्वे पोचली १९०६ साली. पोचणे एवढाच वारीचा हेतू असता, तर त्यानंतर पायी जायला माणसे कशाला राहिली असती? उलट पायी वारी वाढतच गेली. आणि २०२० व २०२१ साली, महासाथीमुळे, संतांच्या पादुकाच एस.टी.ने पंढरपूरला न्याव्या लागल्या. कौंडण्यपूरची रुक्मिणीही २०२० साली मोटारीने गेली. पादुका वेळेवर पोचल्या, एकादशी झाली. तरी गावोगाव माणसे रित्या रस्त्याकडे पाहून हळहळली. त्यांना चुकचुकल्यासारखे झाले ते चालण्यावाचून.

सकाळी पुणे आले, आणि तिथून आळंदी. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचे प्रस्थान झाले. तारीख होती १९ जून. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली दोन्ही संतांच्या पादुका एकत्र नेण्याची प्रथा घातली, आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. शिस्त म्हणजे काय ते संध्याकाळच्या समाजआरतीला दिसले. मुक्कामाला पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सारे शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची हाळी होते. एवढ्या लाखांच्या मेळ्यात गाऱ्हाणे मांडायचे ते टाळाने!

पुणे सोडून सासवडला जाण्याची मजल सर्वांत लांब, त्यात दिवे घाट. तिथे पायांना फोड आले. आमच्या दिंडीतल्या, बाळापूरकडच्या एका आजींनी सुईदोऱ्याने ते फोडून दिले, तेल चोळले. मी म्हटले, “आजी, तुमचे पाय दुखत नाहीत?” त्या म्हणाल्या, “एवढं तं घरातच चालतो वं बाई आपन रोज. निस्तं गोल गोल.” हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आले. चुलीपासून माजघर, माजघरापासून विहीर. माझ्या आईने असे किती किलोमीटर केले असतील, आणि कुठे पोचली असेल?

जेजुरी, वाल्हे मागे पडले. नीरेत पादुकांना स्नान झाले, तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण झाले, मग फलटण, नातेपुते, माळशिरस. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, फुगडीचे फेर, रात्री पालात हरिपाठ. गाडीत मी एकटी होते ती आळंदीत उतरताच संपले. आंघोळीचे पाणी, जेवणाची पंगत, झोपायची चार हात जागा, सारे वाटून घ्यायचे. इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’मध्ये आपल्या दिंडीतल्या निरनिराळ्या जातींच्या बायका बरोबर चालून जेवायला वेगळ्या बसत, ही खंत नोंदवली आहे. आमच्या पालात पंगत एकच होती. पोळ्या लाटणाऱ्या हातांची जात कोणी विचारली नाही, हे मी मुद्दाम पाहिले.

वाखरीला साऱ्या पालख्या भेटतात. दशमीला आम्ही पंढरपुरात शिरलो. चंद्रभागेच्या वाळवंटात वऱ्हाडी बोली कानावर आली. खास गाडीने आलेला बायकांचा मेळा होता, माझ्या आईसारख्याच बाया. मी आळंदीहून चालत आले हे कळताच त्यांतली एक म्हातारी माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरले. ती म्हणाली, “पडू दे वं माय. तुह्या पायानं माही बी वारी चालली.”

आईच्या “अर्ध्या वारी”चे उत्तर मला तिथे मिळाले. गर्दीमुळे कितीतरी चालत आलेली माणसे कळसाला हात जोडूनच परततात, आणि त्यांना काही उणे वाटत नाही. आमच्याच मातीतले गाडगेबाबा जन्मभर पंढरपूरला आले. रस्ते झाडले, धर्मशाळा बांधल्या, पण दर्शनासाठी देवळात गेले नाहीत. त्यांची वारी कोण अर्धी म्हणेल? आईचीही अर्धी नव्हती. अर्धी होती ती तिला मिळालेली रजा. ती अठरा दिवस मागत होती, आणि आम्ही सारे घरचे तिला दोन दिवसांची गाडी दाखवत होतो.

परतीच्या प्रवासात खिडकीतून शेते हिरवी दिसली. कुकरच्या शिट्ट्यांचा कागद घरी फ्रीजवर चिकटलेला होता; त्याखाली यजमानांनी स्वतःचे तीन नवे पदार्थ लिहिले होते. घर चालू होते. आता दिवाळी आहे, फराळाच्या ताटाभोवती सारे घर एकत्र असेल. त्यात अशी कोणी असेल, दर आषाढात “पुढच्या वर्षी बघू” म्हणणारी, तर तिला यंदाच विचारा. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. पुण्याच्या गाडीचे एक तिकीट तिच्या नावाने काढा. सोबत कोण, हे विचारू नका. ती मिळते.