दार ठोठावण्यापूर्वी



आपल्या मॉरिशसमधून गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुष्कळ कुटुंबे ऑस्ट्रेलियात जाऊन स्थायिक झाली. मेलबर्न आणि पर्थ ही नावे आता आपल्याला परकी राहिलेली नाहीत. आपली भाचरे-पुतणे तेथे शिक्षक, परिचारिका, समाजसेवक म्हणून नोकरी करतात. कामानिमित्त कधी त्यांना त्या देशाच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या, घरी जावे लागते. मदत घेऊन गेले तरी दार लवकर उघडत नाही. उघडले तरी घरातली माणसे मोजकेच बोलतात. नव्या माणसाला याचे नवल वाटते, कधी रागही येतो. ते दार का उघडत नाही, याचा विचार आज आम्ही आपल्यासमोर मांडणार आहोत.

1915 साली न्यू साउथ वेल्स राज्याने कायदा बदलला आणि मूळ रहिवाशांची मुले न्यायालयात न जाता आईबापांपासून काढून नेण्याचा अधिकार एका सरकारी मंडळाला दिला. मंडळाचे नाव होते संरक्षण मंडळ! 1917 साली मार्गारेट टकर ही तेरा वर्षांची मुलगी आणि तिची बहीण यांना पोलिसांनी नेले. कोठून नेले? शाळेतून. आम्हा शिक्षकांना हे वाचताना मान खाली घालावीशी वाटते. कूटामंड्रा येथील वसतिगृहात अशा मुलींना घरकाम शिकवून गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून पाठवीत. किंचेला येथील मुलांच्या वसतिगृहात तर मुलांना नावाऐवजी नंबराने हाक मारीत.

हे एका राज्यापुरते नव्हते. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय चौकशीच्या अहवालाने असा अंदाज दिला की, 1910 ते 1970 या काळात दर तिनांतले एक ते दर दहांतले एक मूल असे उचलून नेले गेले. 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने क्षमा मागितली. क्षमा मागितली हे चांगलेच झाले. पण ज्या आजीने लहानपणी दारावरची थाप ऐकून झुडपांत लपून दिवस काढले, तिच्या कानांतून ती थाप जाणार कशी? आज हातात फाईल घेऊन आलेला सेवक कितीही भला असो, त्या घराला तो आधी सरकारचा माणूस दिसतो.

याच मार्गारेट टकर यांची कन्या मॉली डायर. ज्यांच्या आईला बालपणी ओढून नेले, त्या मॉलीबाईंनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात मेलबर्न येथे मूळ रहिवाशांची स्वतःची बालसेवा संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. आमच्या मुलांचा निर्णय आमच्या माणसांना विचारून व्हावा, ही त्यांची मागणी. मुलाला घरी ठेवणे अगदीच अशक्य झाले, तर प्रथम नातेवाइकांकडे, नंतर त्याच समाजात, नंतर मूळ रहिवाशांच्या दुसऱ्या कुटुंबात त्याची सोय पाहावी, हे तत्त्व अशाच प्रयत्नांतून पुढे आले आणि देशभर मान्य झाले.

अशा कामाला आज सांस्कृतिक सुरक्षितता हा शब्द वापरतात. तो आला न्यूझीलंडच्या माओरी परिचारिकांकडून. इरिहापेटी रॅम्सडेन यांनी तो 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून परिचारिकांच्या शिक्षणात रुजवला. त्याचा गाभा सोपा आहे: सेवा सुरक्षित आहे की नाही, हे देणाऱ्याने ठरवायचे नाही, घेणाऱ्याने ठरवायचे. आपण गोड बोललो, एवढ्याने भागत नाही. समोरच्याला आपल्यापुढे आपली भाषा, आपली नाती, आपले दुःख लपवावेसे वाटले नाही, तरच ती सेवा खरी.

प्रत्यक्षात हे कसे करतात? कुटुंबाला कचेरीत बोलावण्याऐवजी सेवक स्वतः जातो, आणि शक्यतो त्याच समाजातील सहकाऱ्याला बरोबर घेऊन जातो. आत शिरून स्वयंपाकघरावर नजर फिरवीत नाही. अंगणात, झाडाखाली बसतो. प्रश्न विचारण्यापूर्वी आपण कोण, कुठले, कोणाचे हे सांगतो. वडीलधाऱ्यांना आंटी, अंकल म्हणतो. मुलगा नजरेला नजर देत नाही म्हणून त्याला लबाड ठरवीत नाही. पुष्कळ ठिकाणी मोठ्यांकडे रोखून न पाहणे हाच आदर असतो. उत्तराला उशीर लागला तर थांबतो. घरात मृत्यू झाला असेल तर काम पुढे ढकलतो, आणि मध्य ऑस्ट्रेलियातील कित्येक समाजांत मृताचे नाव घेत नाहीत, हे ध्यानात ठेवतो.

नात्यांचे तर विशेष सांगायला हवे. तेथील पुष्कळ समाजांत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात आणि बापाच्या भावाला बाप. एखादे मूल चार महिने मावशीकडे राहिले, तर जुने अधिकारी लिहीत, आईने टाकले. ज्या समाजात माय मरो पण मावशी जगो असे म्हणतात, त्या आपल्याला यातली चूक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या विचाराचे फळ पाहा. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला, वाळवंटात, युएन्डुमू हे वार्लपिरी लोकांचे गाव आहे. 1990 च्या दशकात तेथील तरुण मुले पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनात सापडली होती. 1994 साली पेगी नाम्पिजिन्पा ब्राउन आणि इतर वडीलधारी मंडळी पुढे आली. शंभराहून अधिक किलोमीटर दूर, माउंट थिओ या आपल्या पूर्वजांच्या भूमीवर त्यांनी मुलांना नेले. तेथे पेट्रोल नव्हते. शिकार होती, गोष्टी होत्या, रागावणारी व जेवू घालणारी आपली माणसे होती. गावात राहिलेल्या मुलांसाठी खेळ आणि करमणुकीचे कार्यक्रम सुरू झाले. काही वर्षांत गावातले ते व्यसन जवळजवळ संपले. बाहेरच्या माणसांनी मदत केली, पण वडीलधाऱ्यांच्या मागे उभे राहून. याच गावात 1984 च्या सुमारास वडीलधाऱ्यांनी शाळेच्या तीस दारांवर आपल्या पूर्वजांच्या कथा रंगवल्या होत्या, मुलांनी शाळेत जाताना आपले मूळ विसरू नये म्हणून.

सगळे सुरळीत झाले असे मात्र म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियातील एकूण मुलांत मूळ रहिवाशांची मुले शेकडा सहाच्या आसपास. पण घराबाहेर सरकारी देखरेखीत वाढणाऱ्या मुलांत ती दर दहांत चारांहून अधिक आहेत. 2031 पर्यंत ही विषमता शेकडा 45 ने कमी करण्याचा करार 2020 साली झाला. केवळ करारावर सह्या करून मूल घरी परतत नाही. त्यासाठी अंगणात तासभर बसणारी माणसे लागतात.

आपले पूर्वज या बेटावर आले, त्यांनीही कष्ट काढले. तरी संध्याकाळी बैठकेत बसून मुलांना मराठी अक्षरे गिरवायला लावण्याची मोकळीक त्यांना होती. तेथील मुलांच्या तोंडची भाषाच काढून घेतली गेली. दोन्ही दुःखे सारखी नव्हेत, हे आपण विसरू नये.

म्हणून तेथे काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच: मदतीची घाई करू नका. आधी बसा, ऐका, आणि घर तुम्हाला आत बोलावेपर्यंत थांबा.