जास्वंदीवरचे तपकिरी दाणे

गौरी-गणपतीला मी दरवर्षी इंदूरहून मामाकडे जसोंडीला जाते. इच्छापूरच्या रस्त्याने असीरगड मागे पडला की बुऱ्हाणपूर जवळ आल्याचं कळतं आणि केळीच्या बागा दिसू लागतात. मामाच्या घरी मराठी, खानदेशी आणि निमाडी अशी तिन्हींची खिचडी बोलली जाते. दारात जास्वंद आहे. गावाचं नावच या झाडावरून पडलं, असं मामी ठासून सांगते. खरंखोटं तिलाच ठाऊक.

गेल्या वर्षी बाप्पाला फुलं काढायला मामी अंगणात गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, पंप आणा! झाडाला पिठ्या लागलाय!" बघितलं तर कोवळ्या फांद्यांवर कापूस चिकटवल्यासारखे पांढरे पुंजके. त्यांच्याभोवती मुंग्यांची लगबग. हा पिठ्या ढेकूण. झाडाचा रस शोषतो, चिकट गोड द्रव सोडतो, म्हणून मुंग्या त्याच्या मागे. मामाने फवारणीचा पंप काढला. शेतातही कपाशीच्या कडेच्या ओळींवर हाच पिठ्या दिसत होता, त्यामुळे औषध आणून ठेवलेलंच होतं.

तेवढ्यात मामाची नात, नववीतली, फांदी डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "आत्या, हे सगळे पांढरे नाहीयेत. काही तपकिरी आहेत. आणि याला बघ, भोक आहे."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. तरी मला ते आधी दिसलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. पांढऱ्या पुंजक्यांत मधेमधे चामड्यासारखे टणक, फुगीर, तपकिरी दाणे होते. काहींच्या टोकाला सुईने पाडावं तसं गोल भोक. ते पिठ्याचेच होते, पण मेलेले. आतून कुणीतरी त्यांना खाऊन, भोक पाडून बाहेर पडलं होतं.

"मामा, आजचा दिवस थांबा," मी म्हटलं. मामा माझ्याकडे बघत राहिले. "पोरी, तुझी शाळा सुटली की माझी कपाशी वाचव," म्हणाले, पण पंप खाली ठेवला.

भोक न पडलेले दाणे आम्ही लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत घातले आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं. विसर्जनाआधीच बाटलीत काळे ठिपके हलायला लागले. भिंगातून पाहिलं, तर पंख, मिशा, बारीक कंबर सगळं जागच्या जागी असलेल्या, दोन मिलिमीटरही न भरणाऱ्या गांधीलमाश्या!

गांधीलमाशी म्हटलं की आपण पळतो. पण या जातकुळीतल्या बहुसंख्य माश्या माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. त्या दुसऱ्या कीटकाच्या अंगात, अंगावर किंवा अंड्यात आपलं अंडं घालतात. अळी बाहेर येते, यजमानाला खात वाढते आणि यजमान मरतो. ऊ किंवा गोचीड रक्त पिते, पण सहसा आपल्या यजमानाला जगू देते. या माश्या देत नाहीत. शेतीच्या पुस्तकांत यांना परोपजीवी मित्रकीटक म्हणतात.

माझी आजी एक गोष्ट सांगायची. कुंभारीण मातीचं घर बांधते, त्यात अळी कोंडते, तिच्या कानाशी गुणगुणत राहते आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते. संतांनी दिलेला भृंगी-कीटकाचा दृष्टांत तो हाच. आपल्या लोकांनी पाहिलं होतं अगदी बरोबर: आत अळी गेली आणि बाहेर कुंभारीण आली. मधलं एक अंडं तेवढं दिसलं नव्हतं. कुंभारीण नांगी मारून अळीला लुळी करते आणि आपल्या पिल्लाची शिदोरी म्हणून त्या घरात ठेवते. बाटलीतल्या माश्यांना मातीचं घरही लागत नाही. यजमानाचं अंग हेच त्यांचं घर.

आता या पिठ्याची गोष्ट. कपाशीवरचा हा पिठ्या ढेकूण मूळचा उत्तर अमेरिकेतला. २००६-०७ च्या सुमाराला त्याने गुजरातपासून पंजाबपर्यंत कपाशीत धुमाकूळ घातला. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. पण अंगावर मेणाचा थर असल्याने औषध त्याला नीट भिडत नाही. मग २००८ मध्ये शास्त्रज्ञांना शेतातल्या पिठ्यावर असेच तपकिरी दाणे सापडू लागले. त्यांतून निघालेली माशी कुणी मुद्दाम आणून सोडलेली नव्हती. ती आपली आपणच आली होती आणि कामाला लागली होती. २००९ मध्ये अलीगढच्या प्रा. मोहम्मद हयात यांनी तिला नाव दिलं एनेशियस बंबावालेई. दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ. दोन मिलिमीटरच्या माशीला आपल्याकडचं आडनाव! मामाच्या नातीला हे इतकं आवडलं की ती दिवसभर बाटलीतल्या माश्यांना 'बंबावाले काका' म्हणत होती. बहुतेक माद्या असाव्यात, हे मी तिला सांगितलं नाही.

पुढे, २०१४ मध्ये, ही माशी अमेरिकेत फार आधी नोंदवलेल्या एनेशियस ॲरिझोनेन्सिसचीच आहे असं दाखवलं गेलं आणि नियमाप्रमाणे जुनं नाव कायम झालं. आमच्या बाटलीतली माशी हीच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मिशांचे खंड आणि पंखांवरच्या शिरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्यांचं ते काम.

मग आम्ही ठरवलं, गावात आणखी कोण कोण आहे ते बघायचं. अशा पाहणीला वाटतं तेवढं सामान लागत नाही. अभ्यासक तंबूसारखा जाळीचा सापळा लावतात, गवतावरून जाळी फिरवतात आणि पिवळ्या ताटल्या ठेवतात. शेवटचं आम्हाला जमण्यासारखं होतं. पिवळा रंग बऱ्याच लहान कीटकांना ओढून घेतो. हळदीकुंकवातून उरलेल्या प्लास्टिकच्या पिवळ्या ताटल्या मामीने काढून दिल्या. प्रत्येकीत पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. साबणामुळे पाण्यावरचा ताण मोडतो आणि कीटक तरंगत न राहता बुडतो. एक ताटली अंगणात, एक कपाशीच्या बांधावर, एक केळीच्या बागेत आणि एक ओढ्याकाठच्या उंबराखाली.

दुसऱ्या दिवशी पाणी मलमलीतून गाळलं. चहाच्या गाळणीतून यांतले निम्मे निसटतात. बशीत चिलटं, तुडतुडे, फुलकिडे पुष्कळ. पण भिंगाखाली हळूहळू माश्या ओळखू येऊ लागल्या. एक मोरपिशी चमकणारी. एक काळी, मागच्या मांड्या पैलवानासारख्या फुगलेल्या. एक इतकी बारीक की पंख म्हणजे केसांची झालर लावलेली काडी. या झालरवालींच्या कुळातच जगातला सर्वांत लहान ज्ञात कीटक आहे. अमेरिकेत सापडलेल्या त्या जातीच्या नराची लांबी ०.१३९ मिलिमीटर!

मजा अशी की चारही ताटल्यांतली मंडळी सारखी नव्हती. बांधावरच्या ताटलीत सर्वांत जास्त प्रकार होते आणि केळीच्या मधल्या ओळीत सर्वांत कमी. चार ताटल्यांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी नातीला बजावलं. तरी बांधावरची रानफुलं या माश्यांना मध पुरवतात, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. मामा दर वर्षी बांध जाळतात. ते ऐकत होते, काही बोलले नाहीत.

उंबराची ताटली तर स्वतंत्र गोष्ट आहे. उंबर फोडला की किडे निघतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. त्यांतली एक माशी फळाच्या तोंडातून आत शिरून परागीकरण करते. तिच्याशिवाय उंबराला बी धरत नाही. पण फळाच्या बाहेर बसून आत भोक पाडणारी दुसरीही माशी असते. आतल्या अळ्यांवर आपलं अंडं घालायला ती केसाहून बारीक नळी कच्च्या फळात घुसवते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की या नळीच्या टोकाला जस्त असतं. गिरमिटाचं टोक टणक करावं तसं!

नातीने विचारलं, "आत्या, हे सगळं कुणी मोजलंय का?" मोजणारे होते आणि आहेत. क्लॉड मोर्ली यांनी १९१३ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत या माश्यांच्या एका मोठ्या कुळावर अख्खा खंड लिहिला. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे औरंगाबादच्या, तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठातले प्रा. पी. के. निकम. त्यांनी १९८० मध्ये एनिकोस्पिलस या वंशाच्या भारतीय जातींवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तुम्ही या माश्या पाहिल्या असतील: पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटवर येणारी, नारिंगी, सडपातळ, मोठ्या डोळ्यांची, पोट कोयत्यासारखं वाकलेलं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. टी. व्ही. साठे यांनी अळ्यांवर जगणाऱ्या माश्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. केरळात कालिकतच्या प्रा. टी. सी. नरेंद्रन यांनी कितीतरी नव्या जातींना नावं दिली.

या नावांचा उपयोग काय, असं मामांनी विचारलंच. मी त्यांना पपईची गोष्ट सांगितली. २००८ मध्ये कोइम्बतूरकडे पपईवर एक नवा पिठ्या दिसला. तो मूळचा मेक्सिकोकडचा आहे हे नावावरून कळलं, म्हणून त्याच्या मागावरच्या माश्या कुठे शोधायच्या हेही कळलं. २०१० मध्ये प्युर्तो रिकोहून तीन जातींच्या माश्या बंगळूरला आणल्या, तपासल्या आणि सोडल्या. त्यांतल्या ॲसेरोफॅगस पपाये या माशीने पिठ्या आटोक्यात आणला. नाव चुकलं असतं, तर भलतीच माशी आणली गेली असती.

मामा म्हणाले, "ते ठीक. माझ्या कपाशीचं बोल." त्यांचं बरोबर होतं. पेरणीपासूनचा पैसा त्या शेतात अडकला होता. माझी काय, सुट्टी होती. मग आम्ही मध्यम मार्ग काढला. पिठ्या लागलेली कडेची दहा झाडं लाल दोरा बांधून खुणेची केली. रोज सकाळी नातीने प्रत्येक झाडावरचे पांढरे आणि तपकिरी दाणे मोजून वहीत लिहायचे. आठ दिवस तपकिरी वाढत गेले तर फवारणी नाही. पांढरे आतल्या ओळींत शिरले तर मामा म्हणतील ते. शिवाय बांधावरचं गाजरगवत उपटायचं, कारण पिठ्या त्यावरही मुक्काम करतो.

मी इंदूरला परतले. रोज संध्याकाळी फोनवर आकडे यायचे. तिसऱ्या दिवशी पांढरे वाढले आणि मला रात्री नीट झोप लागली नाही. पाचव्या दिवसापासून तपकिरी पुढे गेले. आठव्या दिवशी मामांनी स्वतः फोन केला, "फवारलं नाही. एका फवारणीचे पैसे वाचले. पोरीला वही घेऊन देतो."

इथे गोष्ट संपवली असती तर गोड झाली असती. पण दिवाळीच्या वेचणीला कळलं की पिठ्याने फार काही नेलं नाही, गुलाबी बोंडअळीने मात्र नेलं. एका माशीकडून सगळ्या किडींचा बंदोबस्त होत नाही. बोंडअळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या माश्या वेगळ्या; ट्रायकोकार्डवर मिळतात त्या. पोस्टकार्डाच्या तुकड्यासारख्या कार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात आणि त्यांतून निघालेल्या माश्या किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालतात, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. यंदा मामांनी कृषी विज्ञान केंद्रात त्यांची चौकशी केली आहे. बांध जाळायचा की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.

मंडळातल्या मुलामुलींनो, तुमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीलाही पांढरा पिठ्या लागेल. औषध मारायच्या आधी तपकिरी दाणे आहेत का बघा. असतील तर ते बाटलीत ठेवा आणि आत चिठ्ठी टाका: ठिकाण, तारीख, कोणतं झाड. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाईची अक्षरं स्पिरिटमध्ये विरघळतात आणि ठिकाण-तारखेशिवाय नमुना अभ्यासकाच्या फारसा कामाचा राहत नाही.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आता चार लहान बाटल्या आहेत. चिठ्ठ्यांवर नववीतल्या मुलीचं पेन्सिलीतलं अक्षर: जसोंडी, बुऱ्हाणपूर. अंगण. बांध. केळी. उंबर.