भिंतीवरचा बिनपगारी राखणदार

शेतकरी बंधूंनो, पुण्यात मार्केट यार्डात माल घेऊन आलात की उन्हातल्या भिंतीकडे जरा निरखून बघा. बोटाच्या पेराहून लहान, केसाळ कोळी दिसेल. शास्त्रीय नाव प्लेक्सिपस पायकुली. नर काळा, अंगावर पांढरे पट्टे, मादी तपकिरी. डोळे आठ, त्यातले समोरचे दोन मोठे. हा जाळं विणून शिकारीची वाट बघत बसत नाही. माशी दिसली की मांजरासारखा दबकत जातो, मागं धागा चिकटवतो अन् झेप घेतो. नेम चुकला तरी धाग्याला लोंबकळतो.

याचेच भाऊबंद तुमच्या पिकातले तुडतुडे, बारीक अळ्या टिपतात. सरसकट फवारणीत किडीबरोबर हेही मरतात. तेव्हा आधी पान उलटून बघा, कीड मोजा, मगच पंप पाठीवर घ्या.